विश्लेषण : क्रॉसबोने हरणाची शिकार करायला अमेरिकेत परवाना मिळतो, तो नेमका कशाचा?

सप्टेंबर उजाडला की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एका ठरावीक प्रकारचे व्हिडीओ वाढू लागतात. झाडाला टेकवलेली शिडी, वर मचाणासारखी छोटी खुर्ची, पानापानांच्या नक्षीचे कपडे घातलेला माणूस आणि त्याच्या हातात बंदुकीवर आडवे धनुष्य बसवल्यासारखे एक हत्यार. काही सेकंदांत बाण सुटतो आणि हरीण उधळते. खाली मराठीतूनही प्रतिक्रिया दिसतात. याला तुरुंगात का टाकत नाहीत, हा त्यातला नेहमीचा प्रश्न.

त्याचे थोडक्यात उत्तर असे की, त्या माणसाकडे बहुधा परवाना असतो. क्रॉसबोने शिकार अमेरिकेतल्या ओरेगॉनचा अपवाद वगळता जवळपास सगळीकडे या ना त्या अटीवर कायदेशीर आहे. पण हा परवाना म्हणजे ‘हरीण मारायची मुभा’ एवढाच अर्थ घेतला तर निम्मी गोष्ट सुटते. कोणते हरीण, किती, कोणत्या महिन्यात, कुठे आणि कशाने, हे सगळे त्या कागदावर बांधलेले असते. यातल्या ‘कशाने’ या शब्दावरून तिथे गेली काही दशके वाद सुरू आहे.

हत्याराचा परवाना लागतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदुकीची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारे हत्यार अशी आहे. क्रॉसबोत बारूद नसते, त्यामुळे तो त्या व्याख्येत बसत नाही. बंदूक विकत घेताना दुकानदार ग्राहकाची पार्श्वभूमी तपासतो, तशी तपासणी क्रॉसबो घेताना केंद्रीय कायद्याने बंधनकारक नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानातून बॅट आणावी तसा तो आणता येतो. परवाना लागतो तो शिकारीसाठी, आणि तो देते राज्य.

इथे अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना चकित करणारी एक तरतूद आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. म्हणजे हरणाचा परवाना खिशात असेल तर बंदुकीचे बंद दार किलकिले होते. क्रॉसबोसाठी तर ते दार मुळातच बंद नसते.

विस्कॉन्सिनमध्ये परवाना कसा मिळतो?

५० राज्यांचे ५० नियम सांगण्यात अर्थ नाही. त्यामुळे क्रॉसबोसाठी वेगळा परवाना आणि वेगळा हंगाम ठेवणारे विस्कॉन्सिन उदाहरण म्हणून घेऊ. शिकागोच्या उत्तरेचे, दूध-चीजसाठी प्रसिद्ध असलेले हे राज्य. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला आणि २०१४ च्या हंगामापासून क्रॉसबोचा स्वतंत्र परवाना सुरू झाला.

पहिली पायरी म्हणजे प्रशिक्षण. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारी-सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना यातून सूट आहे. आपल्याकडे जुन्या वाहनांना नवे नियम लागू नसतात, तसलाच हा प्रकार.

नंतर शुल्क. राज्यातल्या रहिवाशाला क्रॉसबोचा परवाना २४ डॉलरला पडतो. बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. साध्या धनुष्याचा परवाना वेगळा, बंदुकीचा वेगळा. मात्र क्रॉसबो आणि साधे धनुष्य यांपैकी एक परवाना घेतला की दुसरा केवळ ३ डॉलर जादा भरून जोडून मिळतो. दोन्ही घेतले म्हणून दोन नर मारता येत नाहीत. दोन परवाने मिळून शिंगवाल्या नराची परवानगी एकच. मादीची परवानगी जिल्ह्यानुसार ठरते, आणि हीच यातली खरी किल्ली आहे. त्याकडे पुढे येऊ.

हत्याराचेही मोजमाप आहे. दोरी ओढायला किमान १०० पौंड, म्हणजे ४५ किलोच्या आसपास, जोर लागला पाहिजे. दस्ता ३० इंचांपेक्षा आखूड नको. चालू स्थितीतला सेफ्टी खटका हवा. बाण किमान १४ इंचांचा आणि त्याच्या टोकाला धारदार पाती हवीत. ही कमाल नाही, किमान मर्यादा आहे हे लक्षात घ्या. कमजोर क्रॉसबोने हरीण मरत नाही, जखमी होऊन जंगलात दोन दिवस तडफडते. ते टाळण्यासाठी हा नियम.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तुलनेत बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा, तोही नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. हरीण मिळाले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत त्याची नोंद ऑनलाइन किंवा फोनवर करावीच लागते. पूर्वी शिकाऱ्याला पाठीवर नंबर लावून फिरावे लागे, मॅरेथॉनच्या धावपटूसारखे. ती पद्धत २०१६ मध्ये बंद झाली.

मग क्रॉसबोवरून वाद कसला?

वाद असा की, क्रॉसबोला धनुष्य म्हणायचे की बंदूक?

साध्या धनुष्यात हरीण समोर आल्यावर दोरी ओढावी लागते आणि नेम साधेपर्यंत ती ताणून धरावी लागते. हात थरथरतात. तुमची हालचाल हरणाला दिसते. आधुनिक कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे शेवटी हा ताण बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. क्रॉसबोची दोरी सकाळी एकदाच, चरकाने सुद्धा, ताणून अडकवता येते. मग दुर्बीण लावायची, दस्ता खांद्याला टेकवायचा आणि घोडा दाबायचा. धनुष्य शिकायला महिने लागतात. क्रॉसबोचा नेम एका दुपारीही बऱ्यापैकी जमतो.

म्हणून धनुष्यवाल्यांचे म्हणणे असे की, धनुष्याला साडेतीन महिन्यांचा लांब हंगाम मिळतो, कारण धनुष्याने शिकार अवघड असते. अवघडपणा हाच हंगामाच्या लांबीचा मोबदला होता. सोपे हत्यार त्याच हंगामात घुसवले तर हिशेब बिघडणार.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित लावून पाहिले. चांगल्या क्रॉसबोचा बाण सेकंदाला सुमारे १२० मीटर वेगाने सुटतो. ४० मीटरवरच्या हरणापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचा एक-तृतीयांश वेळ लागतो आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने अर्धा मीटरहून जास्त खाली येतो. ८०० मीटर वेगाची रायफलची गोळी त्याच अंतरात जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली येते. शिवाय दोरी सुटल्याचा आवाज हरणाच्या कानावर बाणाच्या आधी पोहोचतो. आवाजाला ०.१२ सेकंद, बाणाला ०.३३. या मधल्या वेळात हरीण दचकून खाली दबते आणि बाण वरून जातो किंवा भलतीकडे लागतो. बाणाची ऊर्जा धरली तर ती २०० ज्यूलच्या आत-बाहेर. शिकारीच्या रायफलची तीन हजारांच्या पुढे. गोळी धक्क्याने मारते, बाण पात्याने कापून रक्तस्रावाने मारतो. म्हणजे हाताळणीत क्रॉसबो बंदुकीसारखा आहे, पण पल्ल्यात तो धनुष्यच. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात, असे माझे मत झाले.

राज्यांनी या प्रश्नाची उत्तरे देताना जी कसरत केली ती वाचण्यासारखी आहे. ओहायोत १९७० च्या दशकापासून क्रॉसबो चालतो आणि तिथे आता त्याचे कुणाला नवल नाही. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये तो धनुष्याच्या हंगामात घेतला. मिशिगनने त्याच वर्षी दार उघडले, पण सुरुवातीची काही वर्षे क्रॉसबो वापरणाऱ्याने एक मोफत शिक्का काढावा अशी अट घातली. पैसे नाहीत तर शिक्का कशाला? कोण आणि किती जण वापरतात याची यादी हाती यावी म्हणून.

सगळ्यात मजेशीर तोडगा न्यूयॉर्कचा. तिथे २०१४ मध्ये परवानगी दिली तेव्हा दक्षिण विभागात धनुष्याच्या हंगामाचे फक्त शेवटचे १४ दिवस क्रॉसबोला मिळाले. वय किमान १४, जोर १०० ते २०० पौंडांच्या दरम्यान, वर सुरक्षा प्रशिक्षणाचे वेगळे प्रमाणपत्र. आणि या काळात क्रॉसबो वापरायचा तर धनुष्याचा नव्हे, ठासणीच्या बंदुकीचा परवाना असायला हवा! ज्यात ठासायला काहीच नाही त्या हत्यारासाठी ठासणीचा कागद. धनुष्यवाल्या संघटनांच्या विरोधातून निघालेली ही तडजोड होती.

पूर्वी अनेक राज्यांत क्रॉसबो फक्त अपंगांना, डॉक्टरांच्या दाखल्यावर वापरता येई. ज्याला धनुष्य ताणता येत नाही, त्याच्यासाठी पर्याय एवढेच त्याचे स्थान होते. आज वय वाढल्याने खांदा दुखणारे शिकारीही विनादाखला तो वापरतात. विस्कॉन्सिनमध्ये तर परवाना सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या साध्या धनुष्याच्या पुढे गेली.

सरकारला यात काय रस?

पैसा आणि हरणांची संख्या, दोन्ही.

आधी संख्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मांस-कातड्याच्या बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात तीन ते पाच लाखच उरली होती, असा अंदाज आहे. राज्यांनी हंगाम ठरवले, बाजारात शिकारीचे मांस विकायला बंदी आणली, परवाने सुरू केले. विस्कॉन्सिनने १८९७ मध्ये रहिवाशासाठी १ डॉलर आणि बाहेरच्यासाठी ३० डॉलर शुल्क लावले. आज देशात ही हरणे तीन कोटींच्या घरात आहेत.

आता प्रश्न उलटा झाला आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून संपले, शहरांच्या कडेला बागा आणि मक्याची शेते वाढली. विमा कंपन्यांच्या आकडेवारीनुसार रस्त्यावर प्राण्यांना, त्यातही मुख्यतः हरणांना, गाड्या धडकण्याच्या घटना वर्षाला १० लाखांहून जास्त होतात. न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाला विचारा; परसातली भाजी हरणाने खाल्ल्याची तक्रार ऐकायला मिळेलच.

त्यातच आजार आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, हरणाचा मेंदू पोखरणारा असाध्य रोग कोलोरॅडोत १९६७ मध्ये प्रथम दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. माणसाला तो झाल्याचे एकही प्रकरण नोंदलेले नाही, पण बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. विस्कॉन्सिनमध्ये यासाठी रस्त्याकडेला चोवीस तास उघड्या पेट्या ठेवल्या जातात. शिकाऱ्याने हरणाचे मुंडके त्यात टाकायचे, वर माहितीचा कागद लावायचा आणि अहवालाची वाट पाहायची.

इथे मादीच्या परवानगीची किल्ली कामाला येते. नर कमी मारले काय, जास्त मारले काय, पुढच्या वर्षीच्या पिल्लांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी मारली तर पडतो. म्हणून संख्या वाढवायची असेल तिथे मादीच्या परवानग्या आखडायच्या आणि घटवायची असेल तिथे सढळ हाताने द्यायच्या. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ मध्ये प्रत्येक काउंटीत हरीण सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. शिकाऱ्यांसोबत शेती, वनीकरण, पर्यटन, वाहतूक यांचे प्रतिनिधी त्यात बसतात आणि लोकांसमोर चर्चा करून कोटा सुचवतात. धरणाच्या दरवाजातून पाणी सोडावे तसे हे नियंत्रण आहे. क्रॉसबो आला म्हणजे त्या दरवाजातून पाण्याचा वेग बदलला. तो किती, हे कळावे म्हणूनच वेगळा परवाना ठेवला.

आता पैसा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पुढे १९७० च्या दशकात धनुष्य-बाणही त्यात आले. धनुष्यावर हा कर ११ टक्के आहे. जमा रक्कम राज्यांना वाटताना अर्धा भाग क्षेत्रफळावर आणि अर्धा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. परवाना शुल्क वन्यजीव खात्याबाहेर वळवायचे नाही, ही अट. साहजिकच जास्त परवाने म्हणजे खात्याला जास्त निधी. लोकसंख्येच्या प्रमाणात शिकारी घटत असताना म्हातारे, स्त्रिया आणि मुले यांना पेलणारे हत्यार खात्यांना का आवडले, हे वेगळे सांगायला नको. हरणांच्या भल्यासाठीच सगळे चालले आहे असा आव कुणी आणला तर हा हिशेबही समोर ठेवावा.

नियम मोडला तर?

राज्यानुसार दंड, तुरुंगवास आणि परवाना रद्द. एका राज्यात रद्द झालेला परवाना बहुतेक राज्यांच्या आपसातल्या कराराने इतरत्रही निलंबित होतो. बेकायदा मारलेले हरीण राज्याची हद्द ओलांडून नेले तर १९०० सालच्या लेसी कायद्याने तो केंद्रीय गुन्हा ठरतो. रीलमधल्या शिकाऱ्यांचे तपशील तारीख-वारासह सार्वजनिक असतात, हे वनरक्षकांनाही ठाऊक असते.

ब्रिटनमध्ये वेगळे चित्र

तिथे नियम बरोबर उलटा आहे. क्रॉसबोने वन्यप्राण्याची शिकार १९८१ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. पण क्रॉसबो बाळगायला १८ वर्षे पूर्ण असणे एवढीच मुख्य अट वर्षानुवर्षे राहिली. २०२१ च्या नाताळात जसवंतसिंग चैल हा तरुण भरलेला क्रॉसबो घेऊन विंडसर किल्ल्याच्या आवारात शिरला. जालियनवाला बागेचा सूड म्हणून राणी एलिझाबेथ यांना मारायचे होते, असे त्याने सांगितले. २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. क्रॉसबोला बंदुकीसारखा परवाना हवा, ही मागणी त्यानंतर तिथे जोर धरू लागली.

भारतात असा परवाना कधी होता का?

होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यात मोठ्या आणि छोट्या शिकारीसाठी वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले आणि शिकारीवर सरसकट बंदी आली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या कोणत्याही प्राण्याची शिकार कलम ९ नुसार गुन्हा आहे. चितळ, सांबर, भेकर सगळे यात आले. हत्यार क्रॉसबो आहे की गलोल, याने फरक पडत नाही. काळवीट शास्त्रीयदृष्ट्या हरीण नव्हे तर कुरंग, पण कायद्याच्या लेखी संरक्षण तेच. १९९८ च्या काळवीट प्रकरणात जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला एप्रिल २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. त्याने त्याविरुद्ध अपील केले.

अपवाद कलम ११ चा. प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाचे नुकसान करत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे लिहून मारण्याची परवानगी देऊ शकतो. विदर्भात रोही आणि रानडुकरांमुळे तूर, हरभरा, कापूस गमावणारा शेतकरी याच कलमाच्या आधारे अर्ज करतो. परवानगी मिळाली तरी परवान्याची बंदूक किती शेतकऱ्यांकडे असते? म्हणून कागद हातात घेऊन तो रात्री फटाके वाजवतो, तारेचे कुंपण घालतो. काही जण त्या तारेत वीज सोडतात आणि त्यात वाघापासून माणसापर्यंत कुणीही सापडते. अमेरिकेसारखी हौशी शिकारीची पद्धत इथे आणा, असे सुचवणारे अधूनमधून दिसतात. पण तिथली नोंद, कोटा, तपासणी आणि वनरक्षक यांचे जाळे आधी उभे राहायला सव्वाशे वर्षे लागली, हे ते सांगत नाहीत.

जाता जाता चितळाविषयी. भारतीय उपखंडातले हे हरीण १८६८ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर सोडले गेले आणि १९३२ मध्ये टेक्सासमध्ये नेले गेले. दोन्हीकडे त्याची संख्या भरमसाट वाढली. टेक्सासच्या कायद्यात ते परदेशी प्राणी ठरते. खासगी जमिनीवर त्याच्या शिकारीला हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. तिथल्या देशी हरणासाठी परवान्यासोबतचा टॅग वापरावा लागतो. पेंच-ताडोबातल्या ठिपकेवाल्याच्या तिथल्या भाईबंदासाठी शिकारीचा साधा परवाना आणि जमीनमालकाची संमती पुरते.